कपाळाला दाबतं आणि कानशिलाशी सैल: स्की हेल्मेट-गॉगलचं माप कोकणातल्या घरी कसं पारखावं

गुहागरच्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी १९ वर्षांची, जानेवारीत गुलमर्गला स्कीइंगच्या मूलभूत कोर्सला जाणार आहे. हेल्मेट आणि गॉगल ऑनलाइन मागवले. हेल्मेट कपाळावर दाबतं, बाजूंना मात्र बोट आत जातं. मुलीला चष्मा आहे. गॉगल चष्म्यावरून बसतो, पण नाकापाशी फट राहते. वस्तू परत करायला दहा दिवस उरलेत. मोठं माप मागवावं का? इथल्या उकाड्यात बर्फातली वस्तू तपासायची तरी कशी? आणि घरात स्कूटरचं चांगलं हेल्मेट आहे, ते नाही का चालणार?

मी मूळचा दापोलीचा. बावीस हिवाळे गुलमर्ग आणि औलीला नवशिक्यांना शिकवण्यात गेले, त्यात कोकणातून आलेली मुलंही बरीच होती. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो: मोठं माप मागवू नका. कपाळाला दाबतं आणि कानशिलांशी सैल आहे, याचा अर्थ माप चुकलेलं नाही, आकार चुकला आहे. मुलीचं डोकं पुढून मागे लांबट असणार आणि हेल्मेट आतून गोल. मोठं घेतलंत तर कपाळावरचा दाब थोडा कमी होईल, पण बाजूंची फट आणखी वाढेल आणि पहिल्याच पडण्यात हेल्मेट फिरेल. दुसरं मॉडेल किंवा दुसरी कंपनी बघा, माप तेच ठेवा.

हे घरी पडताळता येतं. मुलीला भिंतीला डोक्याची मागची बाजू टेकवून उभं करा. कपाळाला एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उभं लावा आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंतचं अंतर मोजा. ही डोक्याची लांबी. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंना दोन पुस्तकं लावून मधलं अंतर घ्या. ही रुंदी. रुंदी लांबीच्या ७५ टक्क्यांहून कमी आली तर डोकं लांबट, ८० टक्क्यांच्या वर गेली तर गोल. घेरासाठी शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या साधारण दोन सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सर्वांत फुगीर असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा धरा. प्रत्येक कंपनीचं ‘मीडियम’ वेगळं असतं, म्हणून अक्षरावर जाऊ नका, सेंटिमीटर बघा.

स्कूटरच्या हेल्मेटचं विचारलंत ते बरं केलंत, कारण दर वर्षी कुणीतरी ते घेऊन येतं. ते वाईट नाही, ते दुसऱ्या कामाचं आहे. आपल्याकडच्या दुचाकी हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक आहे. स्कीच्या हेल्मेटच्या आत ईएन १०७७ (युरोपचं मानक) किंवा एएसटीएम एफ २०४० (अमेरिकेचं) असं लिहिलेलं असतं आणि त्याची चाचणी कडाक्याच्या थंडीत गोठवूनही घेतात. पूर्ण चेहऱ्याचं दुचाकी हेल्मेट सव्वा-दीड किलोपर्यंत जातं, स्कीचं साधारण अर्ध्या किलोचं. नवशिका दिवसातून पन्नास वेळा पडतो आणि उठतो. मानेवर तेवढं वजन घेऊन तो दुपारपर्यंत थकतो. शिवाय दुचाकीच्या हेल्मेटला गॉगल बसायला जागा नसते आणि मागून येणाऱ्याची हाक ऐकू येत नाही. ईएन १०७७ मध्ये ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन वर्ग आहेत. ‘ए’ मध्ये कानांवरही कडक कवच असतं, ‘बी’ मध्ये कानांवर मऊ गादी असते. शिकणाऱ्याला ‘बी’ पुरतं.

आता मूळ मुद्दा. बसतंय की नाही, हे दुकानात दोन मिनिटांत कळत नाही. दोन मिनिटांत सगळीच हेल्मेटं बरी वाटतात. दाब जाणवू लागतो अर्ध्या-पाऊण तासाने. आणि टोचणाऱ्या हेल्मेटचं माणूस काय करतो, ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे: आधी मागची, पकड कमी-जास्त करायची फिरती चकती सैल करतो, मग हनुवटीचा पट्टा, शेवटी हेल्मेट कपाळावरून मागे सरकवतो. कपाळ उघडं पडतं. म्हणून आराम ही चैनीची गोष्ट आहे असं मला कधीच वाटलं नाही. टोचत नाही तेच हेल्मेट दिवसभर जागेवर राहतं, आणि जागेवर असेल तरच ते वाचवतं.

नवीन हेल्मेट आलं की असं करा. हनुवटीचा पट्टा न लावता, मागची चकती पूर्ण सैल ठेवून घाला. पुढची कड भुवयांच्या एक बोट वर, आडवी, समतल. आता मुलीला ‘नाही नाही’ म्हणावं तशी मान हलवायला सांगा, मग ‘हो हो’. तुम्ही समोर उभे राहून तिच्या भुवयांकडे बघा. हेल्मेटाबरोबर कपाळाची कातडी आणि भुवया सरकत असतील तर पकड चांगली. हेल्मेट एकीकडे आणि कपाळ एकीकडे असं होत असेल तर ते मोठं आहे. चकती फक्त शेवटच्या बारीक फरकासाठी असते. ती शेवटपर्यंत आवळल्यावरच हेल्मेट थांबत असेल, तर तुम्ही मोठं हेल्मेट चकतीने धरून ठेवलं आहे. आपल्याकडे जूनमध्ये शाळेचा गणवेश एक माप मोठा घेतात, पुढच्या वर्षी पुरेल म्हणून. हेल्मेटच्या बाबतीत हा हिशेब अजिबात लावू नका.

मग पट्टा लावा. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जावं. मुलीला मोठी जांभई द्यायला सांगा; तोंड पूर्ण उघडलं की हेल्मेट माथ्यावर किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे. ओढलं गेलं नाही तर पट्टा सैल आहे. यानंतर तुम्ही मागे उभे राहा, हेल्मेटाच्या मागच्या कडेखाली बोटं घाला आणि वर-पुढे ढकला. जोर लावा, लाजू नका. पट्टा लावलेलं हेल्मेट डोळ्यांवर उतरलं तर ते नापास. समोरून कपाळाची कड वर ढकलून पाहा, तसंच.

काही हेल्मेटांत आत एक पातळ, सरकणारा पिवळा किंवा पांढरा थर असतो. त्याला मिप्स म्हणतात. तिरका मार बसला तर डोकं आत १०-१५ मिलिमीटर सरकू शकावं, म्हणजे मेंदूला बसणारा पीळ कमी व्हावा, हा त्याचा उद्देश. हाताने हलवल्यावर तो थर थोडा सरकतो, त्याला सैलपणा समजू नका. भुवयांची चाचणी तिथेही तीच.

केसांचा विचार मुलींच्या बाबतीत सगळे विसरतात. वर बांधलेला अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट मागून उचललं जातं आणि सगळी मापं खोटी ठरतात. मानेपाशी सुटी वेणी घाला, तिथे घालणार तशीच, आणि मग तपासा. केसांना खोबरेल लावलेलं असेल तर त्या दिवशी चाचणी नको. तेल आतल्या गादीत मुरतं, गॉगलच्या फोमला लागतं आणि काचेवर तवंग धरतं. तसंच आईने प्रेमाने दिलेली जाड लोकरीची कानटोपी हेल्मेटाखाली घालायची नाही. ती आत सरकते, आणि काढली की हेल्मेट एक माप मोठं होतं. आत काही हवंच असेल तर पातळ, चापून बसणारी टोपी, आणि चाचणीही ती घालूनच.

आता हेल्मेट घालून काढायचा तो पाऊण तास. आपल्याकडे खरी अडचण इथे येते. पंख्याखाली बसलात तरी दहा मिनिटांत डोक्याला घाम येतो, मुलगी म्हणते ‘नको होतंय’, आणि ते उष्णतेने नको होतंय की दाबाने, हे कळत नाही. दुसरी अडचण त्याहून फसवी. हेल्मेटाच्या आतला मऊ फोम, विशेषतः दाबल्यावर हळूहळू वर येणारा, उबेत मऊ असतो आणि थंडीत कडक होतो. गुलमर्गला जानेवारीत रात्री पारा उणे १० च्या खाली जाऊ शकतो. सकाळी हेल्मेट डोक्यावर घालताना तो फोम इथल्यासारखा लुसलुशीत राहत नाही. म्हणून इथे ‘थोडंसंच’ टोचणारी जागा तिथे नक्की टोचणार, असं धरूनच चला. एसी असलेल्या खोलीत, १८-२० अंशांवर, जाकीट घालून पाऊण तास बसायचं. एसी नसेल तर डिसेंबरची पहाट आहेच. आमच्या दापोलीत थंडीच्या दिवसांत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. मी माझ्या मुलांना पहाटे अंगणात हेल्मेट-गॉगल घालून फेऱ्या मारायला लावायचो. नुसतं बसवायचो नाही. उकिडवं बसणं, वाकून बुटाची बकलं लावल्यासारखं करणं, खांद्यावरून मागे बघणं, आडवं पडून उठणं, हे सगळं. मान वर केली की हेल्मेटाची मागची कड जाकिटाच्या कॉलरला अडते का, ते तेव्हाच कळतं.

पाऊण तासाने हेल्मेट काढा आणि लगेच कपाळ बघा. सगळीकडे सारखा फिकट गुलाबी पट्टा असेल आणि पाच-दहा मिनिटांत जात असेल तर उत्तम. एकाच जागी नाण्याएवढा लाल डाग, खोल वळ किंवा कानशिलं ठणकणं असेल तर ते हेल्मेट परत करा. ‘वापरून सैल होईल’ हे बुटांच्या बाबतीत ठीक आहे. इथे दाबणारी वस्तू बहुधा मऊ गादी नसते, तिच्यामागचा कडक पांढरा थर्माकोलसारखा थर असतो. तो सैल होत नाही, व्हायलाही नको. तो थर एकदाच चिरडण्यासाठी असतो, त्या चिरडण्यातच धक्का जिरतो. कुणी तो चाकूने तासून जागा करून देतो म्हणाला तर हात लावू देऊ नका. मोठा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी वापरायचं नाही.

गॉगलकडे येऊ. तारकर्ली-मालवणला ज्यांनी पाण्याखाली पोहायचा मुखवटा घातला आहे, त्यांना एक चाचणी माहीत असते: पट्टा न लावता चेहऱ्याला लावा, नाकाने श्वास आत ओढा, मुखवटा चिकटून राहिला तर बरोबर. ही चाचणी स्की गॉगलला लावू नका. पाण्याच्या मुखवट्यात हवा अडवायची असते. स्की गॉगलमध्ये हवा खेळती ठेवायची असते. वर आणि खाली जाळीच्या झरोक्यांतून ती गेली नाही तर आत वाफ धरते. इथे बघायचं ते एवढंच की फोम चेहऱ्याला सगळीकडे सारखा टेकतो का. पट्टा न लावता गॉगल हातांनी हलका धरा. गालाच्या हाडावर जास्त आणि कपाळावर कमी असं वाटलं तर गॉगलची वक्रता चेहऱ्याला जुळत नाही. पट्टा आवळून ती जुळत नाही, फक्त दुखायला लागते.

नाकाची फट हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न आहे. बरेच गॉगल उंच नासिकेच्या चेहऱ्यांसाठी बनतात. कमी उंचीच्या नाकासाठी जाड फोमचे वेगळे प्रकार मिळतात. खरेदीच्या पानावर ‘एशियन फिट’ किंवा ‘लो ब्रिज फिट’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या मुलीसाठी तोच मागवा. तपासायला टेबलफॅन पुरतो. फॅन पूर्ण वेगात, मुलगी दोन हात अंतरावर, गॉगल घातलेला. डोळ्यांत वारा लागला, पाणी आलं, तर फट आहे. उताराच्या वेगात आणि उणे तापमानात हाच वारा सुईसारखा लागतो. उलट बाजूही बघा. गॉगल नाकपुड्या दाबत असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो आणि ती सगळी वाफ गॉगलमध्ये जाते. यासाठी मी मुलांना ‘मामा, नाना, नमन’ म्हणायला लावतो. म आणि न नाकातून येतात. आवाज सर्दी झाल्यासारखा बसका आला तर नाक दबलं आहे.

चष्मा असेल तर ‘ओटीजी’ म्हणून मिळणारा, चष्म्यावरून घालायचा खोल गॉगलच घ्यायचा. त्याच्या कडेला चष्म्याच्या काड्यांसाठी खाच असते. तरीही चष्म्याची चौकट गॉगलच्या आतल्या काचेला टेकते का, ते पाहा. काड्या हेल्मेटाखाली कानशिलात रुततात का, ते मात्र पाऊण तासानंतरच कळतं, आधी नाही. मुलीला कॉन्टॅक्ट लेन्सची सवय असेल तर माझं मत सरळ लेन्सच्या बाजूने आहे. जादा जोड्या न्याव्यात आणि चष्माही बरोबर ठेवावा. सवय नसेल तर आत्ताच डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटा, गुलमर्गला पोचून पहिल्यांदा लेन्स घालायची वेळ आणू नका.

आणि मग दोन्ही एकत्र. लोक हेल्मेट वेगळं तपासतात, गॉगल वेगळा तपासतात, आणि दोन्ही चांगले असून जोडी जमत नाही. आधी हेल्मेट, मग गॉगल, पट्टा हेल्मेटाच्या बाहेरून, मागच्या क्लिपमध्ये. गॉगलची वरची कड आणि हेल्मेटाची पुढची कड एकमेकींना लागून असावी. मध्ये कपाळाची पट्टी उघडी राहिली तर तिथे गार वारा बसून असं डोकं धरतं की मुलगी दुपारी धडा सोडून बसेल. याच्या उलटही होतं: हेल्मेट इतकं खाली येतं की गॉगल नाकावर ढकलला जातो. माथ्यावर तळहात ठेवून हलकं दाबा. गॉगल खाली सरकून नाक चिमटलं तर ही जोडी मोडा. वरच्या झरोक्यांवर हेल्मेटाची कड बसत नाही ना, तेही पाहा. बसली तर वाफेला वाट उरत नाही. शेवटी मुलीला समोर बघायला सांगून बाजूने बोट हळूहळू पुढे आणा. बोट जवळजवळ खांद्याच्या रेषेत असतानाच तिला दिसायला हवं. मग मागे दहा पावलांवरून नेहमीच्या आवाजात हाक मारा.

वाफेची चाचणी मात्र कोकणात करू नका. गॉगल फ्रीजमध्ये ठेवून, बाहेर काढून, घालून पाहायचा उद्योग अनेकांनी केला आहे, आणि चांगले गॉगल ‘वाफ धरतो’ म्हणून परत केले आहेत. इथे दमट हवा बाहेर असते. फ्रीजमधून काढलेल्या सोलकढीच्या भांड्याला बाहेरून घाम फुटतो, तसं काचेला बाहेरून पाणी सुटतं. बर्फात उलट असतं: बाहेर कोरडी थंड हवा आणि आत चेहऱ्याची उब, घाम, श्वास. तिथे वाफ आतल्या बाजूला धरते. म्हणून तर गॉगलला दोन काचा असतात, मध्ये हवेचा थर. आतली काच त्यामुळे तितकी गार पडत नाही. इथे एवढंच तपासा की काच खरोखर दुहेरी आहे आणि दोन काचांमध्ये आधीच ओल शिरलेली नाही. तिथे गेल्यावर आतली काच ओली असताना पुसायची नाही. तिच्यावरचा वाफ अडवणारा लेप निघून जातो. झटका, मऊ कोरड्या कापडाने टिपा, वाळू द्या. दम लागला म्हणून गॉगल कपाळावर चढवायचा नाही. डोक्याची सगळी वाफ त्यात शिरते. आणि गळपट्टी नाकावर ओढून गॉगलच्या आत खोचायची नाही.

काचेच्या रंगाबद्दल थोडक्यात. रंग नाही, काच किती उजेड आत सोडते ते सांगणारा आकडा बघा. एस १ ढगाळ दिवसासाठी, एस २ मधल्या उजेडाला, एस ३ उन्हाला. एस ३ मधून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. एकच घ्यायची तर एस २ घ्या, त्यात १८ ते ४३ टक्के उजेड येतो आणि ढगाळ दिवशीही उताराचे खड्डे दिसतात.

पण गॉगल काढून ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगून चालणार नाही. हर्णैच्या एका मच्छीमार घरातला मुलगा माझ्याकडे शिकायला होता. जन्मभर समुद्रावरच्या उन्हात काम केलेला, म्हणाला, डोळ्यांना सवय आहे. नाक दुखतं म्हणून दुपारी त्याने गॉगल काढून खिशात ठेवला, आणि मीही नंतर त्याच्याकडे पाहिलं नाही. ती चूक माझी. संध्याकाळपर्यंत काहीच नव्हतं. रात्री डोळ्यांत गरम वाळू टाकल्यासारखं होऊन तो भिंत धरून बसला. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परावर्तित करते, समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत. त्यात उंचीमुळे दर हजार मीटरला हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. समुद्राची सवय तिथे कामाला येत नाही. दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवल्यावर तो बरा झाला. गॉगल त्याचा चांगला होता, फक्त हेल्मेट तो गॉगल नाकावर दाबत होतं. तेव्हापासून मी जोडी तपासल्याशिवाय कुणालाही वर नेलेलं नाही.

सामान जाईपर्यंत कसं ठेवायचं, हेही सांगतो. कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर हेल्मेट तिथे ठेवू नका. त्यांच्या वाफेने आतला पांढरा थर मऊ पडतो, खचतो, आणि गादीखाली असल्यामुळे दिसतही नाही. पेट्रोल, थिनर यांच्याजवळही नको. गाडीच्या काचेखाली उन्हात नको. दमट हवेत गॉगलचा फोम बुरशी धरतो, जुना झाला की चिकट होऊन भुगा पडतो. म्हणून कुणाचा माळ्यावरचा जुना गॉगल मिळाला तर आधी फोम बोटाने चोळून पाहा. नवीन सामान सावलीत वारा देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसह कापडी पिशवीत ठेवा.

दहा दिवसांत जुळणारं हेल्मेट मिळालं नाही तर घाबरू नका. गॉगल तेवढा योग्य घ्या, हेल्मेट तिथे भाड्याने मिळतं. भाड्याचं घेताना आतलं मानकाचं लेबल, बकल आणि तडे बघा, स्वतःचा गॉगल लावून बघा, आणि भुवयांची, जांभईची, मागून ढकलण्याची चाचणी तिथेच काउंटरसमोर करा. तीन-चार हेल्मेटं मागायला संकोच नको.

आज रात्री टेप आणि पुस्तकं घेऊन तीन आकडे काढा: घेर, लांबी, रुंदी. पाऊण तासानंतरचा कपाळावरचा डाग नेमका कुठे आहे, मधोमध की दोन्ही कोपऱ्यांत, तेही लिहा. मधोमध असेल तर मी वर सांगितलेलंच खरं. कोपऱ्यांत असेल तर पुढची गादी काढून पातळ गादी लावता येते का, ते आधी बघू. कदाचित परत करावंच लागणार नाही.